काटे गेले, पडदे आले; हवा मात्र तीच

नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा विभाग सुरू झाला, तो मिग-२१ बांधण्यासाठी. तीन दशकांनी याच कारखान्याकडे निराळं काम आलं. १९९६ मध्ये रशियाशी झालेल्या करारानुसार १२५ मिग-२१ बिस विमानांचं ‘बायसन’ करायचं होतं. पहिली दोन विमानं रशियात तयार झाली, बाकीचं काम ओझरला झालं. सांगाडा तोच राहिला. वैमानिकापुढे मात्र नवं रडार आलं, नजरेसमोरच्या काचेवर आकडे उमटवणारा हेड-अप डिस्प्ले आला, पडदा आला, लेझर जायरोस्कोपवर चालणारी दिशादर्शन यंत्रणा आली. या बदलामुळे जुनं विमान आणखी दोन दशकं सेवेत राहू शकलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तोपर्यंत उडत होती ती बायसनच.

हाच बदल आता हवाई जगाच्या दुसऱ्या टोकाला, दोन-चार आसनी खासगी आणि प्रशिक्षण विमानांत होतो आहे. सेसना १७२ हे त्यातलं सर्वांत परिचित विमान. १९५६ पासून आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमानं बनली. नीट निगा राखली तर त्यांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षं टिकतो. पॅनलवरच्या यंत्रांचं तसं नसतं. त्यांची बेअरिंग झिजतात, सुटे भाग मिळेनासे होतात, ती उघडून दुरुस्त करणारे हात कमी होत जातात. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो: जुनी तबकडी दुरुस्त करायची की पडदा बसवायचा? उत्तर देण्याआधी त्या तबकड्या नेमकं काय मोजतात, हे समजून घ्यायला हवं.

सहा तबकड्या, दोन तत्त्वं

जुन्या पद्धतीच्या पॅनलवर मधोमध सहा तबकड्या असतात. त्यांतल्या तीन हवेच्या दाबावर चालतात. पंखाखाली, वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून बसवलेली पिटो ट्यूब समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते. विमानाच्या कुशीतलं बारीक छिद्र, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, भोवतालच्या हवेचा दाब घेतं. या दोन दाबांतल्या फरकावरून वेग कळतो. हा फरक किती नाजूक असतो पाहा: समुद्रसपाटीवर १०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाला तो अवघा १६ हेक्टोपास्कल भरतो. वातावरणाच्या एकूण दाबाच्या पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. नुसत्या भोवतालच्या दाबावरून अल्टिमीटर उंची सांगतो, आणि तो दाब किती झपाट्यानं बदलतो आहे यावरून तिसरी तबकडी चढण्या-उतरण्याचा वेग सांगते.

उरलेल्या तीन तबकड्यांमागे जायरोस्कोप असतो. वेगानं फिरणारं चाक आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही. विमान कलंडलं तरी चाक आपली दिशा धरून राहतं आणि त्या दोहोंतला कोन तबकडीवर दिसतो. एक तबकडी कृत्रिम क्षितिज दाखवते, दुसरी दिशा आणि तिसरी वळणाचा दर.

कृत्रिम क्षितिज लागतं कशाला? कारण ढगात शिरल्यावर आपलं शरीरच आपल्याला फसवतं. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. पाण्यानं भरलेला तांब्या गोल फिरवला, की आधी पाणी मागे राहतं आणि थोड्या वेळानं तांब्याबरोबर फिरू लागतं. या द्रवाचंही तसंच होतं. एकसारखं वळण पंधरा-वीस सेकंद चाललं, की द्रव नलिकेच्या गतीला येतो आणि मेंदूला वाटतं, विमान सरळ चाललं आहे. वळण थांबवलं की उलट्या दिशेला वळत असल्याचा भास होतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवलं गेलं. विमानावरचा ताबा सुटायला त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत.

या संकटावरचा उपाय त्याआधी पाव शतक सापडला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ यंत्रांकडे पाहून विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. स्पेरी यांचं कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो, कोल्समन यांचा संवेदनशील अल्टिमीटर आणि रेडिओ यांच्या जोरावर हे साधलं. पुढची सत्तरेक वर्षं छोट्या विमानांचं पॅनल मूलतः तेच राहिलं.

चाकाऐवजी चिप

बहुतेक छोट्या विमानांत जायरोची चाकं इंजिनवर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपानं फिरतात. पंप हवा ओढतो आणि त्या झोतावर चाक मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतं. कोरड्या प्रकारच्या पंपातली कार्बनची पाती झिजतात आणि एखाद्या दिवशी पूर्वसूचना न देता तुटतात. घातक भाग यापुढचा आहे. पंप बंद पडला म्हणून चाक लगेच थांबत नाही. ते काही मिनिटं मंदावत राहतं आणि क्षितिजाची रेषा हळूहळू कलते. ढगातला वैमानिक तिच्या मागोमाग विमान वळवत जातो.

नव्या पॅनलमध्ये फिरणारं चाकच नसतं. त्याच्या जागी सिलिकॉनवर कोरलेली, सतत थरथरणारी सूक्ष्म रचना असते. विमान वळलं की कोरिऑलिस बलामुळे त्या थरथरीची दिशा ढळते आणि ढळण्याच्या प्रमाणावरून वळण्याचा दर कळतो. याच कुळातली चिप आपल्या मोबाइलमध्येही असते. ही चिप एकटी मात्र विश्वासाची नाही, कारण तिची बारीक चूक वेळेबरोबर साचत जाते. म्हणून तिच्या जोडीला त्वरण मोजणारी चिप आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर असतो. विजेच्या तारांपासून लांब राहावा म्हणून तो बहुधा पंखाच्या टोकाकडे बसवतात. संगणक या साऱ्यांच्या साक्षी ताडून विमानाचा कल ठरवतो.

२००४ मध्ये आलेल्या गार्मिन जी-१००० यंत्रणेनं दोन मोठ्या पडद्यांवर हे सारं मांडलं आणि नव्या छोट्या विमानांचं रूप पालटलं. जुन्यांची वाट २०१६ मध्ये मोकळी झाली. जुन्या तबकडीच्या आठेक सेंटिमीटरच्या भोकात बसणाऱ्या जी-५ या छोट्या पडद्याला अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेनं अनेक जुन्या विमानांसाठी मान्यता दिली. वीज गेली तरी त्याची बॅटरी चार तासांपर्यंत चालते. या पडद्यांचा एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो: माहितीचा भरवसा उरला नाही, की यंत्र त्या जागी लाल फुली दाखवतं. मरणारा जायरो खोटं सांगत राहतो; पडदा बहुतेक वेळा आपलं अज्ञान कबूल करतो.

पडद्याला न कळणारं

बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. पिटो ट्यूबचं तोंड बंद झालं तर पडद्यावर ठसठशीत, रंगीत आणि साफ चुकीचा आकडा उमटू शकतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या प्वेर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. कॉकपिटमध्ये आधुनिक पडदे होते. पिटो ट्यूब बंद झाली होती, बहुधा कुंभारमाशीच्या मातीच्या घरट्यानं. घराच्या कोपऱ्यात, नळीच्या तोंडात घर बांधणारी ही माशी आपल्याकडेही सर्वत्र आहे. पाच लाखांचं पॅनल असो की पन्नास लाखांचं, विमान उभं करताना पिटोवर टोपण चढवणं आणि उड्डाणाआधी ते काढणं ही कामं टळत नाहीत.

अल्टिमीटरचंही तसंच. समुद्रसपाटीजवळ दाब एका हेक्टोपास्कलनं बदलला, की उंचीत सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. प्रमाण दाब १०१३ धरला जातो. आपल्याकडे भर पावसाळ्यात तो १००३ च्या आसपास उतरतो. वैमानिकानं त्या दिवसाचा दाब भरला नाही, तर उंची जवळजवळ ३०० फुटांनी जास्त दिसते. ओझरहून नैर्ऋत्येला निघालं की कळसूबाईचं १,६४६ मीटरचं, म्हणजे ५,४०० फुटांचं शिखर वाटेत येतं. शिखरावर ५०० फूट राखले असं समजणाऱ्याकडे प्रत्यक्षात जेमतेम २०० फूट उरतात. दाबाचा आकडा काट्याच्या यंत्रात बटण फिरवून भरा की पडद्यावर, भरायचा माणसानंच.

तिसरा साक्षीदार

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच एक अपघात घडला, तो पॅनलचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. बाहेर काळोख, खाली समुद्र, क्षितिजाचा मागमूस नाही. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं आणि विमान उजवीकडे कललं आहे असं दाखवू लागलं. त्यावर विसंबून विमान डावीकडे वळवलं जात राहिलं. दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण मृत्युमुखी पडले. कॉकपिटमध्ये स्वतंत्रपणे चालणारं तिसरं क्षितिजयंत्र होतं आणि ते बरोबर दाखवत होतं.

पॅनल बदलताना यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पर्यायी यंत्र वेगळ्या ऊर्जेवर आणि वेगळ्या संवेदकावर चालणारं हवं. एकाच संगणकाचं उत्तर दोन पडद्यांवर दाखवून दोन साक्षीदार होत नाहीत. आणि साक्षी जुळेनात तेव्हा कोणाचं ऐकायचं, याचा सराव जमिनीवरच झालेला हवा.

पॅनलच्या मागे

पडदे बसवण्याचं खरं काम पॅनलच्या मागच्या बाजूला असतं. पन्नास वर्षांत एकावर एक चढलेल्या तारा, वापरात नसलेल्या जोडण्या आणि कडक झालेल्या रबरी नळ्या काढाव्या लागतात. व्हॅक्यूम पंप गेला की विमानाचं वजन काही किलोंनी घटतं. म्हणून विमानाचा गुरुत्वमध्य पुन्हा काढावा लागतो. आता सारा भार विजेवर असतो, तेव्हा अल्टरनेटर बंद पडला तर बॅटरी किती वेळ पुरेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. पिटो आणि स्टॅटिकच्या नळ्यांत गळती नाही ना, हे दाब देऊन तपासतात. नव्या तारांचा चुंबकीय परिणाम साध्या होकायंत्रावर होतो, म्हणून विमान थोड्या-थोड्या अंशांनी फिरवून प्रत्येक दिशेची चूक टिपतात आणि तो तक्ता होकायंत्राशेजारी लावतात. मंजूर आराखडा, परवानाधारक अभियंत्याची सही आणि लॉगबुकातली नोंद नसेल, तर असं विमान उडवता येत नाही. नागरी उड्डाण महासंचालनालयाची ही शिस्त जिकिरीची वाटते, पण तिची प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या अपघातातून शिकलेली आहे.

पडदे आणि शिक्षण

इतकं करून विमान अधिक सुरक्षित होतं का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २००२ ते २००६ या काळात बनलेल्या आठ हजारांहून अधिक छोट्या विमानांचा अभ्यास करून २०१० मध्ये अहवाल दिला. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त होतं. पडद्यांची विमानं लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत अधिक वापरली जात होती, हे त्यामागचं एक कारण. मंडळानं बोट ठेवलं ते मात्र प्रशिक्षणावर. काट्यांचं पॅनल कुठल्याही विमानात सारखं चालतं आणि सारखं बिघडतं. प्रत्येक कंपनीच्या पडद्याचं बिघडणं वेगळं असतं. ते ओळखायला त्याच यंत्रणेवर, शक्यतो सिम्युलेटरमध्ये, खास शिक्षण हवं, असा मंडळाचा आग्रह होता.

हा मुद्दा आता आपल्या दाराशी आला आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. त्याचं कॉकपिट पडद्यांचंच आहे. म्हणजे हवाई दलाचे पुढचे वैमानिक पहिल्या दिवसापासून पडद्यावर शिकतील. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या मैदानांवर नागरी वैमानिक होऊ पाहणारी मुलंमुलीही त्याच वाटेनं जात आहेत. त्यांना पडद्याची बटणं दोन आठवड्यांत येतील. त्या आकड्यामागे एक नळी, एक छिद्र आणि थरथरणारी एक चिप आहे, आणि त्यातलं काय बिघडलं तर आकडा कसा चुकेल, हे शिकवायला त्याहून जास्त वेळ लागतो. पॅनल बदलणाऱ्या मालकानं आणि प्रशिक्षण संस्थेनं तो वेळही खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावा. पडद्याची किंमत त्याशिवाय पुरी होत नाही.