वनस्पतींचा भ्रूण

बीजामध्ये सुप्तावस्थेत असलेल्या अविकसित वनस्पतीस भ्रूण म्हणतात. सपुष्प वनस्पतींत तो फलित अंडपेशीच्या विभाजनाने तयार होतो.

रचना

भ्रूणाच्या आसाच्या एका टोकास आदिमूळ व दुसऱ्या टोकास आदिकोंब असतो. आदिमुळापासून मूळ, तर आदिकोंबापासून खोड व पाने निर्माण होतात. आसास बीजपत्रे जोडलेली असतात. या जोडाखालील भागास अधराक्ष व वरील भागास उपराक्ष अशी नावे आहेत.

भिजलेल्या हरभऱ्याचे साल काढल्यास दोन जाड बीजपत्रे व त्यांच्या कडेशी टोकदार आदिमूळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. आहारातील डाळ म्हणजे हीच अन्नसाठा असलेली बीजपत्रे होत. ज्वारी, मका व भात यांत बीजपत्र एकच असते. त्यांचा अन्नसाठा मुख्यतः भ्रूणाबाहेरील भ्रूणपोषात असतो आणि बीजपत्र तो शोषून भ्रूणास पुरविते.

अंकुरण

बी पाणी शोषून फुगते, विकरे कार्यरत होतात आणि साठविलेल्या अन्नाचे साध्या विद्राव्य पदार्थांत रूपांतर होते. बहुधा प्रथम आदिमूळ बाहेर पडून जमिनीत शिरते. त्यानंतरच्या वाढीचे दोन मुख्य प्रकार आहेत.

वाल, सोयाबीन व चिंच यांत अधराक्ष लांबतो, आकड्यासारखा वाकून माती फोडतो व बीजपत्रे जमिनीबाहेर आणतो. प्रकाशात ती हिरवी होतात. हरभरा, वाटाणा व तूर यांत उपराक्ष लांबतो आणि बीजपत्रे जमिनीतच राहतात. ज्वारी व मका यांचा कोंब नळीसारख्या आवरणातून सुरक्षितपणे वर येतो. पहिली पाने अन्न तयार करू लागेपर्यंत रोप बीजातील साठ्यावरच जगते.

शेतीतील महत्त्व

सोयाबीनच्या अधराक्षास बीजपत्रांसह वर यावे लागते, म्हणून ते ३ ते ५ सेंमी. खोलीवर पेरतात. बी अधिक खोल पडल्यास किंवा पावसानंतर मातीवर कठीण पापुद्रा धरल्यास अधराक्ष तुटून उगवण घटते. हरभरा मात्र ओल साधण्यासाठी त्याहून खोल पेरता येतो.

बीजपत्रांच्या खाली तुटलेले सोयाबीनचे रोप पुन्हा फुटत नाही, कारण अधराक्षावर कळ्या नसतात. हरभऱ्याचा कोंब जमिनीलगत तुटला, तरी मातीतील बीजपत्रांच्या बगलेतून नवा फुटवा येऊ शकतो. दुबार पेरणीचा निर्णय घेताना हा फरक उपयोगी पडतो.