हवेचा वाटा

पोरांनो, आज ओकच्या झाडाची गोष्ट. गोष्टीत दारू येणार आहे, तेव्हा आजीच्या कानावर गेलं तर निस्तरायचं तुम्ही.

अमेरिकेत पांढरा ओक वाढतो. त्याच्याही खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आतला गाभा पक्का व्हायला लागला की शेजारच्या पेशी फुगून त्या नळ्यांत घुसतात आणि त्या बुजवून टाकतात. भावकीतल्या तांबड्या ओकचं हे काम अर्धवट. त्याच्या फळीच्या एका टोकाला तोंड लावून फुंका, दुसऱ्या टोकाला वारा लागतो. पांढऱ्यातून फुंकर जात नाही. म्हणून त्याचं पिंप खिळा न मारता, सरस न लावता, नुसत्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलं तरी 200 लिटर दारू धरून ठेवतं.

झाकणं बसवण्याआधी पिंपाला आतून आग देतात. मिनिटभरसुद्धा नाही, पण तेवढ्यात आतली बाजू कोळसा होऊन तडकते. कोळशामागे लाकडातली साखर करपून तांबूस थर धरतो. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन मोडतं आणि त्यातून व्हॅनिलिन निघतं. आइस्क्रीमला वास येतो ना, तेच. भट्टीतून येते तेव्हा व्हिस्की बिनरंगाची असते. अमेरिकेत मक्यापासून बनणारी व्हिस्की म्हणजे बर्बन. तिचा तांबडा रंग सगळा या लाकडाचा.

पूर्वी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात शेतकऱ्यांकडे मका उदंड. तो पोत्यांनी बाजारात ओढण्यापेक्षा त्याची दारू गाळून नेणं परवडायचं. पिंप जाळायची युक्ती एलायजा क्रेग नावाच्या पाद्र्याची, असं सांगतात. पुरावा काही नाही. मला तर ती बाटली खपवायची गोष्ट वाटते. 1964 साली अमेरिकेच्या काँग्रेसनं बर्बन हे आपल्या देशाचं खास पेय ठरवलं. तिथला नियम असा, की निदान 51 टक्के मका हवा आणि पिंप कोरं, आतून जाळलेलं हवं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग ती जुनी पिंपं जहाजात चढतात. स्कॉटलंडला जातात, आणि आपल्या गोव्यात कुंकळ्ळीलाही येतात. तिथं आपल्या देशातल्या जवापासून पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की बनते, 2012 पासून बाजारात आहे.

खरी गंमत कुंकळ्ळीच्या उकाड्यात आहे. तापली की दारू फुगून लाकडात शिरते, निवली की रंग-वास घेऊन परत येते, आणि दरम्यान थोडी हवेत जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के, गोव्यात 8 च्या आसपास. हिशेब करा. 200 लिटरमधले पाच वर्षांत तिकडे 19 लिटर जातात, गोव्यात 68. कुणी हौसेनं 18 वर्षं ठेवलीच, तर हाती राहतील 45 लिटर. त्यामुळं आपल्याकडे फार वाट बघत नाहीत.

"आबा, आपल्या म्हसवडात पिंप ठेवलं तर?"

बरं विचारलंस. चैतातला माठ बघ. माणगंगेचं पात्र कोरडं, हवा कोरडी. पाझरलेलं पाणी तेव्हाच्या तेव्हा उडतं आणि माठ गार पडतो. तोच माठ पावसाळ्यात कोकणात ठेव. हवेत आधीच पाणी गच्च भरलेलं, आणखी पाण्याला जागाच नाही. पिंपाचंही असंच. दमट स्कॉटलंडात पाणी अडतं, पण अल्कोहोलला अडवणारं हवेत काही नसतं. ते निघून जातं आणि व्हिस्की वर्षागणिक सौम्य होते. केंटकीच्या गोदामात वरच्या मजल्यावर गरम कोरडी हवा. तिथं पाणीच जास्त उडतं आणि उरलेली दारू कडक होत जाते. आपल्या उन्हाळ्यातही तेच व्हायचं.

उडालेला वाटा देवदूत पितात, असं तिकडं म्हणतात. खरं पिणारं कोण, त्याचा माग 1872 मध्ये फ्रान्समधल्या कोन्याकला लागला. बोदुआँ नावाच्या माणसानं गोदामांभोवतीच्या काळ्याकुट्ट भिंतींची नोंद केली. तो काळा थर निघाला बुरशीचा. बोदुआँच्या नावावरून 2007 साली तिला बोदोइनिया म्हणायला लागले. केंटकीत गोदामांजवळची घरं, छपरं, झाडं ती काळी करते. लोक धुऊन धुऊन कंटाळले, कोर्टात गेले.

"आबा, बुरशीला चढत नाही?"

चढते कुठली! उलट अल्कोहोलची वाफ मिळाली की तिच्या पेशी उष्णता सोसायची खास प्रथिनं बनवतात, आणि तापलेल्या पत्र्यावरही ती टिकून राहते.