‘हाउंड डॉग’ नक्की कुणाचं?



मागच्या भागात तुमच्याकडून ब्लूज आणि रॉकमधली आवडती सादरीकरणं मागवली होती. भरपूर निरोप आले, आणि त्यातला एक निरोप म्हणजे सरळ घरातलं भांडणच होतं. बाबांचं मत, ‘हाउंड डॉग’ म्हणजे एल्व्हिस, विषय संपला. युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या लेकीचं मत, एल्व्हिसने ते एका कृष्णवर्णीय बाईकडून चोरलं. रविवारचं जेवण गार झालं म्हणे! आईने आम्हाला लिहिलं, तुम्हीच काय तो निकाल द्या.

निकाल देण्याआधी गाण्याचा सांगाडा पाहू, कारण तो कळला की वादाला धार येते. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा असतो. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. टाळी धरून बघा. पहिल्या चार बारमध्ये एक ओळ येते, पुढच्या चारमध्ये बहुधा तीच ओळ पुन्हा, पण खालचा कॉर्ड बदललेला. शेवटच्या चारमध्ये तिचं उत्तर. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडलेली असते आणि तिथे गिटार बोलते. भजनात बुवांची ओळ झाली की मागचे झेलकरी उचलतात, साधारण तसंच. आवर्तन संपता संपता एक छोटी हरकत येते आणि ती पुन्हा समेवर आणून सोडते. आणखी एक. ब्लूजचा गंधार धड कोमलही नसतो, धड शुद्धही नसतो. गायक दोन्हींच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो. हार्मोनियमवर तो सापडणार नाही, पण दरबारी ऐकलेल्या कानाला अशा गंधाराचं नवल वाटायचं कारण नाही.

आता मूळ गाणं. ऑगस्ट 1952, लॉस एंजेलिस. विली मे थॉर्नटन, जिला सगळे ‘बिग मामा’ म्हणत, अलाबामातली, वय पंचविशीचं, उंच, भरदार. बँड जॉनी ओटिस यांचा. गाणं लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघेही एकोणीस वर्षांचे गोरे पोरगे. त्यांनी तिला तालमीत पाहिलं आणि काही मिनिटांत गाणं लिहून काढलं. विषय साधा आहे. बाईच्या जिवावर जगणाऱ्या, दाराशी घुटमळणाऱ्या पुरुषाला ती हाकलून देते. यात खरा कुत्रा कुठेच नाही. थॉर्नटन ओळ ओढते, मध्येच गुरगुरते, पीट लुईसच्या गिटारला भर गाण्यात डिवचते. शेवटी बँडमधले लोक भुंकतात. त्या भुंकण्यावर माझा जीव आहे. लेखी ऑर्केस्ट्रेशनमध्ये अशी गंमत कधी येत नाही. 1953 मध्ये रेकॉर्ड बाहेर पडली आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिली राहिली.

एल्व्हिसने मात्र गाणं थेट तिच्याकडून घेतलेलं नाही, आणि इथे लेकीची बाजू थोडी लंगडी पडते. 1956 च्या वसंतात तो लास वेगासला होता. तिथे फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज नावाचा बँड हे गाणं विनोदी ढंगात करायचा. बेलने शब्द बदलले होते, हाकलून दिलेला पुरुष गेला आणि खरोखरचा, शिकारीत कुचकामी ठरलेला कुत्रा आला. एल्व्हिसने ही आवृत्ती उचलली. (आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर ही मूळ कोडची नव्हे, फोर्कची फोर्क आहे.)

पाच जून 1956 ला मिल्टन बर्लच्या टीव्ही शोमध्ये त्याने ते गायलं. गाणं संपलं असं वाटतानाच लय एकदम अर्धी केली आणि कंबर हलवत शेवट केला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं तुटून पडली. एक जुलैला स्टीव्ह अ‍ॅलनच्या शोमध्ये त्याला टेलकोट घालून एका बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर उभं केलं आणि त्या कुत्र्याला उद्देशून गायला लावलं. तो हसला, गायला, पण अपमान झालाच. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने तेच गाणं रेकॉर्ड केलं, तीसच्या आसपास टेक घेऊन. डी. जे. फॉन्टानाचे ड्रमवरचे ते मशीनगनसारखे रोल ऐका. मला त्यात आदल्या दिवशीचा राग ऐकू येतो. बाबा, तुमचं म्हणणंही फुकट नाही, ती रेकॉर्ड जबरदस्तच आहे. फक्त ती ब्लूज नाही. त्यातली बाई गेली आणि तिच्याबरोबर गाण्याचा अर्थही गेला.

मग पैसे कुणाला मिळाले? एमबीए केल्याची ही सवय, कुठल्याही गोष्टीत मी आधी कॅश फ्लो शोधतो. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन मिळतं ते लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला एफएमवरून आजही काही मिळत नाही. त्यामुळे एल्व्हिसच्या रेकॉर्डवर लीबर-स्टोलर कमावणार हे ठरलेलंच होतं. तेही सुखासुखी नाही, थॉर्नटनच्या रेकॉर्डचा त्यांचा पहिला चेक वटला नव्हता, असं ते सांगत. ओटिस यांचं नावही आधी श्रेयात होतं, ते पुढे कोर्टात टिकलं नाही. आणि थॉर्नटन? तिच्या सांगण्याप्रमाणे तिला पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला, त्यानंतर काही नाही. म्हणून ‘एल्व्हिसने चोरलं’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. एका माणसाला चोर ठरवलं की करार लिहिणारे, प्रकाशनाचे हक्क ठेवणारे, कायदा तसा करणारे सगळे नामानिराळे राहतात. इथे यूकेमध्ये व्यवस्था वेगळी आहे. आपल्यासारखं छोटं स्टेशनसुद्धा दोन परवाने घेतं, पीआरएस लिहिणाऱ्यांसाठी आणि पीपीएल रेकॉर्ड कंपनी व कलाकारांसाठी.

लेकीला एक दुसरा दाखला देतो, तो तिच्या बाजूने जास्त भक्कम आहे. ‘बॉल अँड चेन’ हे गाणं थॉर्नटनने स्वतः लिहिलं. सान फ्रान्सिस्कोमध्ये तिला गाताना ऐकून जॅनिस जॉप्लिन आणि तिच्या बँडने तिची रीतसर परवानगी मागितली. मग त्यांनी गाण्याची लय आणखी संथ केली, मेजरचं मायनर केलं. आपल्याकडे शुद्ध गंधाराच्या जागी कोमल लावला की सगळा भाव पालटतो, तसंच झालं. जून 1967 मध्ये माँटेरे पॉप फेस्टिव्हलमध्ये जॉप्लिनने ते गायलं. त्याच रविवारी दुपारी तिथे पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्ला रखा वाजवून गेले होते.

‘लाइव्ह म्हणजेच खरं’ म्हणणाऱ्यांसाठी इथे एक गंमत आहे. जॉप्लिन शनिवारी गायली आणि लोक वेडे झाले, पण त्यांच्या मॅनेजरने चित्रीकरणाला नकार दिला होता. म्हणून रविवारी बँडला पुन्हा स्टेजवर आणलं, या वेळी कॅमेरे चालू ठेवून. पेनबेकर यांच्या सिनेमात आपण पाहतो तो हा दुसरा प्रयोग. त्यात प्रेक्षकांत बसलेली गायिका कॅस एलियट तोंड उघडं टाकून ‘वॉव’ म्हणताना दिसते. ज्या शनिवारने जॉप्लिनचं नाव झालं, तो चित्रित झालेलाच नाही. ‘अमुक मैफलीला मी होतो, रेकॉर्डिंगमध्ये ते नाहीच’ म्हणणारे काका आपल्याकडेही असतात. त्यांना हसू नका, कधीकधी ते खरं बोलत असतात.

आणि जॉप्लिन की थॉर्नटन? मला थॉर्नटन. जॉप्लिन दुःखात स्वतःला झोकून देते, ऐकणारा हादरतो. थॉर्नटन ते दुःख मुठीत धरून बसलेली असते, आणि कधीही मूठ उघडेल अशी भीती वाटत राहते. माझी बायको नेमकं उलट म्हणते, आणि तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

तर त्या घराला माझा निकाल असा, की आधी तीन रेकॉर्डिंगं एकापाठोपाठ ऐका. थॉर्नटनचं 1952 चं, एल्व्हिसचं बर्ल शोमधलं, आणि मग 1965 च्या युरोप दौऱ्यात थॉर्नटनने बडी गायच्या गिटारबरोबर केलेलं. एल्व्हिसला ते गाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती, सगळं जग ते गाणं त्याच्या नावाने ओळखत होतं, आणि ती काय करते ते बघा. हसते, खांदे उडवते आणि पहिल्याच ओळीत गाणं परत घेऊन जाते.

मँचेस्टरकरांसाठी जाता जाता एक. मे 1964 मध्ये तुमच्या बंद पडलेल्या विल्ब्रहॅम रोड स्टेशनवर ग्रॅनडा टीव्हीने सिस्टर रोझेटा थार्पचा कार्यक्रम चित्रित केला. ती घोडागाडीतून आली, प्रेक्षक समोरच्या फलाटावर बसले होते, आणि पाऊस पडला. मँचेस्टर असल्यामुळे याचं कुणाला आश्चर्य वाटलं नसावं. तिने गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवली आणि पावसाचंच गाणं म्हटलं. पुढच्या भागाची सुरुवात त्याने करू. तोवर तुमची नावं पाठवत राहा, भांडणासकट.