निरभ्र रात्रींत रुजणारा धोका

१९ फेब्रुवारी २०१२. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्टीव्हन्स पास या स्की-केंद्राच्या मागच्या बाजूला टनेल क्रीक नावाचा उतार आहे. त्या दिवशी सोळा जण तिथे स्कीइंगला निघाले. त्यांत व्यावसायिक स्कीपटू होते, या खेळावर लिहिणारे पत्रकार होते आणि हा डोंगर वर्षानुवर्षे पालथा घातलेले स्थानिकही होते. वादळाने नुकताच भरपूर ताजा बर्फ टाकला होता. दुपारच्या सुमारास उताराचा एक मोठा तुकडा तडकून सुटला. तिघे मृत्युमुखी पडले. त्याच प्रवाहात सापडलेली एक स्कीपटू एअरबॅग वेळेत उघडल्यामुळे वाचली.

वादळ सगळ्यांना दिसले होते. पण बर्फ सुटला तो वादळाच्या आधीच्या शांत, स्वच्छ दिवसांमुळे. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या निरभ्र रात्रींत जुन्या बर्फावर दहिवराचा नाजूक थर धरला होता. नवा बर्फ त्यावर साचत गेला आणि तो थर दृष्टीआड झाला.

हे दहिवर मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण साचल्याच्या बातम्या थंडीत येतात. आभाळ निरभ्र आणि वारा मंद असला की पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत हवेपेक्षाही गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर गोठते. वेण्णाकाठी सकाळचे ऊन आले की सारे विरघळते. बर्फाळ डोंगरात मात्र पिसांसारखे उभे स्फटिक वाढत राहतात. ते दिसायला देखणे असतात, पण एकमेकांना धरून राहत नाहीत. वर बर्फ साचून ते गाडले गेले, की तो दुबळा थर कित्येक आठवडे तसाच टिकू शकतो.

दुबळा थर आतूनही तयार होतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि वरची हवा उणे वीसपर्यंत उतरलेली असते. मग बर्फातली वाफ खालून वर सरकते. एक मीटर जाडीत तापमानाचा फरक साधारण दहा अंशांहून अधिक झाला, की गोलसर कण मोडून कोनदार, सुटे कण वाढू लागतात. असा बर्फ मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. इथे एक उलटा वाटणारा हिशेब आहे. बर्फ जितका पातळ, तितका हा फरक तीव्र. त्यामुळे कमी बर्फाचा, कडक थंडीचा काराकोरमचा प्रदेश या बाबतीत भरपूर बर्फाच्या पीर पंजालपेक्षा अधिक दगाबाज ठरतो. ‘यंदा बर्फ कमी आहे, काळजी नाही’ हे वाक्य डोंगरात फार महागात पडू शकते.

या थरावर वाऱ्याने घट्ट झालेला किंवा नव्याने साचलेला बर्फ बसला की त्याची स्लॅब बनते. एखाद्या स्कीपटूच्या वजनाने खालचा दुबळा थर एका ठिकाणी चिरडतो. ही चीर काही दशांश मीटरची झाली, की पुढे तिला कोणाच्या वजनाची गरज उरत नाही. पूर्वी समजूत अशी होती, की वरचा थर खालच्यावरून फक्त घसरतो. २००८ साली हाइर्ली, गुम्ब्श आणि झायझर या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये वेगळे चित्र मांडले. दुबळा थर आधी खाली बसतो, काही मिलिमीटरच. तेवढ्याने वरची स्लॅब वाकते आणि तिचाच भार पुढचा भाग चिरडत जातो. म्हणूनच सपाट जागेवर उभ्या असलेल्या माणसामुळे बाजूचा, अगदी डोक्यावरचा उतारही सुटू शकतो. सपाट भागात हा चुराडा सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावल्याचे मोजले गेले आहे. तीव्र उतारावर तो शंभर मीटरच्याही पुढे जाऊ शकतो, असे २०२२ मधील एका अभ्यासाने दाखवले. पळून सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

पण बर्फ आधी बोलतो. पायाखालून ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज येतो आणि आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित खचतो. तो दुबळा थर कोसळल्याचा आवाज असतो, आणि त्या वेळी हिमस्खलन झाले नाही याचे कारण बहुधा एवढेच, की तिथला उतार पुरेसा तीव्र नव्हता. स्कीच्या टोकापासून तडे पुढे पळतात. शेजारच्या उतारावर नुकताच बर्फ कोसळलेला दिसतो. यांतली एकही खूण दिसली, तर तीस अंशांहून तीव्र उतार आणि त्यांचा पायथाही टाळायचा. अशी हिमस्खलने बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच सुटतात, आणि स्कीसाठी सर्वांना हवेसे वाटणारे उतारही नेमके हेच.

जाणकार फावड्याने खड्डा खणून थर वाचतात. उताराला आडवा नव्वद सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने तीस सेंटिमीटर असा बर्फाचा ठोकळा मोकळा करायचा, एका टोकावर फावडे ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून दहा-दहा टपल्या मारायच्या. तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेला, तर हा थर तडा दूरवर पसरवणारा आहे. चाचणीत तडा गेला नाही म्हणून मात्र अख्खा उतार निर्धोक ठरत नाही. चार पावलांवर थराची जाडी वेगळी असू शकते. आधीच्या कोणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या, तरीही तेच.

भारतात हिमस्खलनाचा अंदाज देण्याचे काम डीआरडीओच्या चंडीगड येथील संस्थेकडे, डीजीआरईकडे आहे. तिच्या आधी मनालीची ‘सासे’ ही संस्था दशकानुदशके ते करत होती. गुलमर्ग आणि मनालीला दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून असंख्य कुटुंबे जातात. त्यांतली फारच थोडी स्की घालून उंच उतारावर जातील. बाकीची रस्त्यावर, पायथ्याशी, फोटो काढत उभी असतील. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक मरण पावले. सहलीचे सामान बांधताना हवामानाचा अंदाज पाहतो, तसा जिल्हा प्रशासनाकडून येणारा हिमस्खलनाचा इशाराही पाहावा, आणि ड्रायव्हरला किंवा वाटाड्याला विचारावे, की डोक्यावरच्या या उतारावरून आठवड्याभरात काही खाली आले का.