सदर बाजार आणि दहाव्या कामगाराचा प्रश्न

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाराची जुनी बाजारपेठ. सराफीच्या धंद्यात कुठे मालक, मुनीम आणि दोन-चार कामगार असतात, तर मोठ्या दालनांमागे कंपनी आणि तिचा विधी विभागही उभा असतो. १३ फेब्रुवारी २०२५ पासून कामगारांची ही संख्या निर्णायक ठरली आहे. त्या दिवशी राज्यात २०१७ चा छत्तीसगड दुकाने व आस्थापना अधिनियम अंमलात आला आणि १९५८ चा कायदा संपुष्टात आला.

नवा कायदा २०२५ मध्ये अंमलात आला तेव्हा दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच लागू होता. दुकान सातही दिवस, चोवीस तास उघडे ठेवता येते. मात्र प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडून श्रम विभागाकडे गेले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही मुळात दहाचीच मर्यादा होती. दोन्ही कायद्यांच्या मुळाशी केंद्राचे २०१६ चे नमुना विधेयक आहे.

मग नऊ कामगारांचे दुकान सर्वच बंधनांतून मोकळे झाले का? तसे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार केंद्रीय कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी वेतन संहिता कामगारांची संख्या पाहत नाही. किमान वेतन सर्वांना द्यावे लागते, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत करावा लागतो आणि नोकरी सुटल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. राज्य विमा आणि उपदान यांची मर्यादा दहाची आहे, तर भविष्यनिर्वाह निधीची वीसची.

खरा वाद मोजणीचा आहे. विक्रेता, रोखपाल, चौकीदार हे हजेरीपटावर असतात. नगावर किंवा वजनावर मजुरी घेणारा कारागीर मात्र अनेकदा पटावर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’ प्रकरणात अशाच प्रश्नाचा निकाल दिला. शिंप्यांना नगावर मजुरी मिळत होती. पण यंत्रे दुकानाची होती, काम दुकानातच चाले आणि नापसंत कपडा पुन्हा शिवून मागण्याचा अधिकार मालकाला होता. न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरवले. पेढीच्याच माळ्यावर, पेढीच्या अवजारांनी दागिना घडवणाऱ्या कारागिराला हा निकाल किती जवळचा आहे, हे वेगळे सांगायला नको. घरी बसून चार पेढ्यांचे काम करणाऱ्याची गोष्ट निराळी.

अशा वेळी विधी विभागाने व्यवस्थापनाला लिहिलेले टिपणही जपून लिहावे लागते. पगारी नोकरीतील वकिलाला अधिवक्त्यासारखे गोपनीयतेचे पूर्ण संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. कारागिरांना पटाबाहेर ठेवण्याचा सल्ला कागदावर उतरला, तर तो पुढे पुरावा म्हणून समोर येऊ शकतो.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याकडे सराफीसारख्या घरगुती धंद्यात सर्वांत कमी लक्ष जाते. दहा कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती आवश्यक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील महिला हवी आणि बाहेरचा एक सदस्यही. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून लहान दुकानातील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर दुकान कितीही मोठे असले तरी ती स्थानिक समितीकडेच जाते. जिथे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, तिथे ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. तक्रारीसाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते.