मोटारीचे सेंट्रल लॉक बंद पडल्यास : कारणाचा शोध कसा घ्यावा?

कळंबोली हे चाकांवर चालणारे गाव आहे. एका बाजूस शीव-पनवेल मार्ग, दुसऱ्या बाजूस येथूनच सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मध्ये लोखंड-पोलाद बाजाराकडे ये-जा करणारे ट्रक. आपल्या समाजबांधवांपैकी अनेकांचा चरितार्थ वाहनावर अवलंबून आहे. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो, तर कोणी आयुष्यभराच्या बचतीतून एक जुनी मोटार घेऊन ती कुटुंबासाठी जपतो. नवी मोटार घेणे सर्वांनाच परवडत नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षे वयाची मोटार नीट राखणे हाच आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवहार आहे.

अशा मोटारीत हमखास उद्भवणारी एक तक्रार म्हणजे दरवाजांचे विजेवर चालणारे कुलूप, अर्थात सेंट्रल लॉक बंद पडणे. तक्रार किरकोळ वाटते. पण गॅरेजमध्ये गेल्यावर "पूर्ण सेट बदलावा लागेल" असे ऐकावयास मिळाले की महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. आणि दुरुस्ती नुसतीच टाळली तर प्रसंगी जिवावर बेतू शकते. म्हणून बिघाडाचे कारण कसे शोधावे, याची क्रमवार माहिती सभासद व विद्यार्थी मित्रांसाठी या लेखात देत आहोत.

रचना कशी असते?

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ साली आपल्या मोटारींना विजेवर चालणारी दरवाजांची कुलपे दिली. आपल्याकडे ही सोय सर्वसामान्यांच्या मोटारीत पुष्कळ उशिरा आली. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या मोटारीत सेंट्रल लॉक असलेच तर ते बहुधा मालकाने नंतर बाजारातून बसवून घेतलेले असे.

रचना समजण्यास सोपी आहे. प्रत्येक दरवाजाच्या आत १२ व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर असते. ती एका सळईने, म्हणजे रॉडने, कुलपाला जोडलेली असते. मोटरला दोन वायरी असतात. वीज एका दिशेने दिली की रॉड खाली जातो व कुलूप लागते. तीच वीज उलट दिशेने दिली की रॉड वर येतो व कुलूप उघडते. वीज क्षणभरच मिळते, सतत नव्हे. ही उलटापालट डॅशबोर्डखाली किंवा फ्यूजच्या डब्याजवळ असलेली पेटी रिलेच्या साहाय्याने करते. पुष्कळ जुन्या मोटारींत या पेटीला हुकूम मिळतो तो चालकाच्या दरवाजातील स्विचकडून. म्हणून त्या दरवाजात दोनऐवजी अधिक वायरी आढळतात. थोडक्यात, चालकाचा दरवाजा हुकूम देतो, पेटी तो सर्वांना पोहोचवते आणि मोटरी तो अमलात आणतात.

पहिला प्रश्न : सर्व दरवाजे की एकच?

हातात पाना घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. बँकेच्या कामात दिवसअखेर ताळा जुळला नाही, तर आम्ही सर्व खाती उलथीपालथी करीत नाही. फरक एकाच खात्यात आहे की एकूण बेरजेत, हे प्रथम पाहतो. येथेही तेच. सर्व दरवाजे एकदम बंद पडले असतील, तर चारही मोटरी एकाच दिवशी जळाल्या असे सहसा घडत नाही. दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात असणार. याउलट एकच दरवाजा काम करीत नसेल, तर फ्यूज व पेटी बहुधा शाबूत आहेत. दोष त्या दरवाजातच शोधावा. एवढा एक प्रश्न नीट विचारला तरी निम्मा अनावश्यक खर्च वाचतो.

सर्व दरवाजे बंद पडले असल्यास

१) रिमोटने चालत नाही, पण चालकाच्या दरवाजात चावी फिरवल्यावर सर्व कुलपे चालतात, असे असल्यास रिमोटमधील सेल संपलेला असण्याची शक्यता सर्वाधिक. पुष्कळ रिमोटमध्ये ३ व्होल्टचा, नाण्याच्या आकाराचा सेल असतो. त्यावरील क्रमांक पाहून तोच आणावा.

२) मोटारीची बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली गेल्यास प्रथम बॅटरीचा विचार करावा.

३) फ्यूज पाहावा. कोणता फ्यूज कशाचा, हे मोटारीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर दिलेले असते. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार कदापि घालू नये. त्याने वायरिंग पेट घेऊ शकते. नवा फ्यूजही उडत असेल, तर एखाद्या दरवाजाची मोटर किंवा वायर शॉर्ट झालेली असते. एकेका दरवाजाचे प्लग सोडवत गेल्यास दोषी दरवाजा सापडतो.

४) शांत जागी मोटार उभी करून चालकाच्या बाजूचे कुलूप वर-खाली करावे व पेटीकडे कान द्यावा. "टक" असा आवाज येत असेल, तर हुकूम पोहोचत आहे. पुढील रिले, पुरवठा वा वायरी तपासाव्यात. आवाजच नसेल, तर पेटीला वीज मिळत नाही, अर्थ सुटलेला आहे, किंवा चालकाच्या दरवाजातील स्विच वा त्याची वायर तुटलेली आहे.

पेटी बदलण्याचा निर्णय या चारही पायऱ्यांनंतरच घ्यावा.

एकच दरवाजा बंद पडला असल्यास

प्रथम त्या दरवाजाचे कुलूप हाताने लावून व उघडून पाहावे. ते जड जात असेल, तर विजेचा काहीच दोष नसून कुलपातील जुने ग्रीस धुळीने घट्ट झालेले असते. आपल्याकडील ट्रकच्या वर्दळीची धूळ लक्षात घेता हे नवल नाही. कुलपावर फवारण्याचे पातळ वंगण मारून काही वेळा हाताने चालवल्यास पुष्कळदा काम भागते.

कुलूप हाताला हलके असूनही विजेवर चालत नसेल, तर दरवाजा व मोटारीचा खांब यांच्यामधील रबरी नळी पाहावी. दरवाजाच्या सर्व वायरी या नळीतून जातात आणि प्रत्येक उघडझापीस वाकतात. दिवसातून १० वेळा दरवाजा उघडला असे धरले, तरी वर्षाला ३,६५० आणि १५ वर्षांत ५४,७५० वेळा त्या वायरी वाकल्या. वरचे प्लास्टिक शाबूत आणि आतील तांबे तुटलेले, असा प्रकार येथेच होतो. दरवाजा एका विशिष्ट कोनात उघडल्यावर कुलूप चालते व एरवी चालत नाही, ही त्याची खूण होय. अशी वायर नुसती पिळून चिकटपट्टी लावू नये. नवा तुकडा घालून सांधा डाग देऊन करावा व तो नळीच्या वाकणाऱ्या भागात ठेवू नये.

यानंतर दरवाजाचे आतील पॅड काढावे लागते. त्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडावी आणि एअरबॅग असलेल्या मोटारीत पिवळ्या वायरींना हात लावू नये. पॅड निघाल्यावर रॉडची प्लास्टिकची क्लिप निसटली आहे काय ते पाहावे. मोटरचा घुं-घुं आवाज येतो पण कुलूप हलत नाही, तेव्हा बहुधा ही क्लिप किंवा मोटरमधील दाते दोषी असतात. आवाजही नसेल, तर बॅटरी पुन्हा जोडून मोटरच्या दोन वायरींमध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावावा व दुसऱ्यास चालकाच्या बाजूने कुलूप चालवावयास सांगावे. दिवा क्षणभर लुकलुकला, तर वीज येते आहे. मग मोटर काढून फ्यूजमार्फत क्षणभर थेट बॅटरीला जोडावी. तरीही ती हलली नाही, तर ती एकच मोटर बदलावी. दिवा लागलाच नाही, तर पुन्हा वायरींकडे वळावे.

आणखी एक खूण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. मागील दरवाजा बाहेरून उघडतो पण आतून उघडत नाही, तेव्हा लहान मुलांसाठी असलेला खटका, म्हणजे चाइल्ड लॉक, लागलेला असतो. तो दरवाजाच्या कडेला असतो. हा बिघाड नव्हे.

पावसाळ्याची काळजी

काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या आत जातेच. ते बाहेर पडण्यासाठी दरवाजाच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते, मोटर व प्लग गंजतात. पावसाळ्यापूर्वी बारीक काडीने ती मोकळी करावीत. तसेच पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दुरुस्तीनंतर पूर्ववत चिकटवला आहे की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. घाईत हा कागद फेकून दिला जातो आणि पुढील पावसाळ्यात तोच दरवाजा पुन्हा गॅरेजमध्ये जातो.

ही केवळ सोयीची बाब नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत पाण्यात अडकलेल्या मोटारींतून बाहेर पडता न आल्याने काहींचा गुदमरून मृत्यू झाला. विजेची कुलपे व काचा पाण्यात दगा देऊ शकतात, हे तेव्हा सर्वांना कळले. पाण्याचा दाबही मोठा असतो. एक मीटर रुंद दरवाजाबाहेर तळापासून अर्धा मीटर पाणी चढले व आत पाणी नसेल, तर दरवाजावर सुमारे १२५ किलो वजनाइतका दाब पडतो. म्हणून पाणी चढू लागताच काच खाली करावी व मोटार सोडावी. काच फोडण्याची छोटी हातोडी हाताशी ठेवावी. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावी. समोरची काच थरांची असल्याने तशी फुटत नाही.

दुसरा धोका लहान मुलांचा. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन, तर एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन बालके उभ्या मोटारीत अडकून दगावली. उन्हातील बंद मोटारीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. खेळता खेळता मूल आत शिरते आणि दरवाजा आतून उघडता येत नाही. म्हणून दारात उभी असलेली मोटार, विशेषतः नादुरुस्त व न वापरली जाणारी, बाहेरून कुलूपबंदच असावी. सेंट्रल लॉक चालत नसेल तर प्रत्येक दरवाजा व डिकी हाताने लावून तपासावी. आणि घरातील प्रत्येक मुलास हाताने कुलूप उघडणे व सतत हॉर्न वाजवणे शिकवावे. वीज गेली तरी पुष्कळ मोटारींत आतील खटका हाताने चालतो, हे मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

समारोप

तथागतांनी दुःख सांगितले, तसेच दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, हेही सांगितले. केसपुत्त येथील कालामांना त्यांनी दिलेला उपदेश तर असा की, केवळ कोणी सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पडताळून पाहावे. दरवाजाच्या कुलपासारख्या लहान गोष्टीतही ही दृष्टी उपयोगी पडते. कारागिराच्या कौशल्याचा आदर करावा, त्याच्या श्रमाचे मोल आनंदाने द्यावे, परंतु "सर्व बदला" या शब्दांना "कशावरून?" असा नम्र प्रश्न अवश्य विचारावा. चांगला कारागीर त्याचे उत्तर टेस्ट लॅम्प लावून दाखवतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे आयटीआयमध्ये शिकत आहेत, त्यांनी पुढे असेच कारागीर व्हावे, ही सदिच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!