झाशीचा वाद, पारोळ्याचा वाडा-किल्ला

'शॅटो' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो फ्रान्स. लुआर नदीचा काठ, टोकदार बुरूज आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदलेली सरदार घराणी. व्हिसा-बिसाच्या भानगडीत न पडता असं काही बघायचंय? मग या रविवारी मेहरूण तलावाच्या चकरा जरा बाजूला ठेवा आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लावा. एरंडोल मागे पडलं की पुढे पारोळा.

इथला किल्ला डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा भुईकोट. ट्रेकिंगचे बूट घरीच ठेवा! जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७च्या सुमारास बांधला. जेमतेम पन्नास घरांचं खेडं होतं, त्याला तट घालून त्यांनीच शहराचं रूप दिलं, असं सांगतात. किल्ल्याभोवती खंदक, दारात उचलता येणारा पूल आणि बाजूंना दणकट बुरूज. अगदी शॅटो स्टाईल!

पण खरी स्टोरी मालकांची. हे नेवाळकर घराणं मूळचं रत्नागिरीतल्या कोट गावचं. त्यातले रघुनाथ हरी १७७०च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला गेले आणि घराण्याची एक शाखा तिकडेच रुजली. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव याच शाखेचे.

नोव्हेंबर १८५३मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी गंगाधररावांनी नात्यातल्याच छोट्या आनंदरावाला दत्तक घेतलं. तोच दामोदरराव. इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला आणि १८५४मध्ये झाशी खालसा केली. या गादीवर पारोळ्याच्या भाऊबंदांचाही डोळा होता. जून १८५७मध्ये उठाव पेटताच पारोळ्याच्या सदाशिवराव नारायण यांनी झाशीजवळचा करेरा किल्ला घेतला आणि स्वतःला थेट झाशीचे राजे म्हणून जाहीर केलं! राणीनं फौज पाठवून त्यांना तिथून हुसकावलं. म्हणजे इंग्रजांशी लढण्याआधी तिला आपल्याच भाऊबंदांशी लढावं लागलं.

शेवटी हाती काय लागलं? गादी कुणालाच मिळाली नाही. दामोदरराव इंदूरला पेन्शनवर जगले, १९०६मध्ये वारले. उठावानंतर इंग्रजांनी पारोळ्याची जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला.

फ्रान्समधले कितीतरी शॅटो १७८९च्या क्रांतीतून तरले, त्यांना नवे मालक मिळाले, डागडुजी झाली. पारोळ्याला नवा मालक मिळाला, तो तोडफोड करणारा. तरीही जे उरलंय, ते बघायला तासाभराचा ड्राईव्ह नक्कीच वर्थ आहे. फक्त तिथल्या दगडांवर आपलं नाव कोरू नका. त्या जागेनं नावांची भांडणं भरपूर पाहिलीत!